साखरबाईंचा स्लॅब

आमच्या प्लँटवरच्या साखरबाई चहा बिनसाखरेचा प्यायच्या. डायबिटीस वगैरे काही नव्हता. "साखर काय काय करू शकते ते मी इतकी वर्षं बघतेय, पोटात घालायची हिंमत होत नाही," असं म्हणायच्या आणि तो कडूझार चहा तोंड वाकडं न करता संपवायच्या. त्यांच्या टेबलाखाली मात्र साखरेचं पोतं कायम असायचं. नव्या माणसाला वाटायचं, बाई फावल्या वेळात कँटीन चालवत असाव्यात.

कँटीनशी त्यांचा काही संबंध नव्हता. हिंजवडीच्या पलीकडे आमचा तयार काँक्रीटचा प्लँट आहे, तिथल्या लॅबच्या त्या प्रमुख. मी अमरावतीहून नोकरीसाठी आलेली, डिस्पॅचला बसायची. कुठली गाडी कुठे निघाली, कुठे अडकली, कधी पोचणार, हे दिवसभर फोनवर विचारायचं आणि साइटवाल्यांच्या शिव्या खायच्या, असं माझ्या कामाचं स्वरूप. बाईंचं काम त्याहून शांत पण जोखमीचं. सिमेंटला एकदा पाणी लागलं की ते घट्ट व्हायला सुरुवात होते, कुणासाठी थांबत नाही. आणि आमच्या गाड्या तर जागोजागी थांबत जातात. म्हणून काँक्रीटमध्ये रिटार्डर घालतात. काकवीसारखं काळपट औषध असतं ते, वासही थोडा तसाच. त्याने काँक्रीट काही तास उशिरा घट्ट होतं, इतकंच. कमी पडलं तर माल गाडीतच आवळतो, जास्त झालं तर स्लॅबवर ओला राहतो. किती घालायचं हे बाई ठरवायच्या.

इतर प्लँटवरचे लोक हवेचं तापमान आणि साइटचं अंतर बघून डोस ठरवतात. बाई त्यात तिसरी गोष्ट धरायच्या. सकाळी आल्या आल्या माझ्या खिडकीशी उभ्या राहून विचारायच्या, "अमरावती, आज हिंजवडीचं काय म्हणणं आहे?" माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही, गावावरूनच हाक मारायच्या. मी सांगायचे, चौकात कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग आहे, पुलाखाली काम चाललंय, अमुक ठिकाणी टेम्पो बंद पडलाय. त्या मान डोलवायच्या आणि लॅबमध्ये जाऊन डोस थोडा वर नाहीतर खाली करायच्या. "पुस्तकं लिहिणाऱ्यांनी हिंजवडी पाहिलेली नाही," हा त्यांचा नेहमीचा शेरा.

आता साखरेचं सांगते. साखर हा जगातला सगळ्यात साधा रिटार्डर. चिमूटभर साखरेने सिमेंट रेंगाळतं आणि पुरेशी टाकली तर दिवस-दिवस हट्ट धरून बसतं. गाडी वाटेत बंद पडली, माल आवळायला लागला, तर गाडीवरच्या फिरत्या ड्रममध्ये साखर टाकायची, म्हणजे निदान ड्रम वाचतो. नाहीतर आतला दगड फोडायला माणसं उतरवावी लागतात, ते काम मी एकदा बघितलंय आणि पुन्हा बघायची इच्छा नाही. म्हणून प्रत्येक ड्रायव्हरच्या केबिनमध्ये बाईंनी दोन किलोची पिशवी ठेवायला दिली होती. कंपनीच्या नियमांत हे कुठेच नव्हतं. नियम बाईंचा होता आणि तो त्या प्रत्येक नव्या ड्रायव्हरला समोर उभा करून सांगायच्या: "साखर गाडी वाचवायला आहे, माल वाचवायला नाही. साखर पडली की तो माल मेला असंच धरायचं. तो साइटवर न्यायचा नाही, परत आणायचा आणि मला सांगायचं. मी रागावणार नाही." शेवटचं वाक्य त्या इतक्या रागाने म्हणायच्या की ऐकणारा घाबरायचाच.

ड्रायव्हर त्या साखरेचा चहा करायचे हे बाईंना ठाऊक होतं. पिशवी हलकी झालेली दिसली की पुन्हा भरून द्यायच्या. "चहा करा, पण माझ्या वाटणीची ठेवा," एवढंच म्हणायच्या. साखरबाई हे नाव ड्रायव्हरांनीच पाडलं. ऑफिसात सगळे नुसतं बाई म्हणत, पण माघारी साखरबाईच. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं, असा मला संशय आहे.

लॅबच्या दारावर त्यांच्या हाताने लिहिलेली सूचना होती: 'लॅबमध्ये चहा आणू नये. आणल्यास एक कप जास्त आणावा.' मी पुण्यात नवी, मला ही भाषा कळेना. अपमान आहे की आमंत्रण? शेवटी एकदा धीर करून दोन कप घेऊन गेले. बाईंनी वर पाहिलं, म्हणाल्या, "वाचता येतं म्हणजे." दुसऱ्या दिवसापासून आम्ही डबाही एकत्र खायला लागलो. माझा डबा हॉस्टेलच्या मेसमधला. तो उघडला की त्या निरखून बघायच्या. "तुमच्याकडे भाजीत तेल घालतात की तेलात भाजी?" मी म्हणायचे, "बाई, तुमच्याकडे तर वरणाला गूळ लावतात." "माझ्या घरी नाही हो लावत. विचारणारं कोण आहे?" असं म्हणून त्या हसायच्या.

त्यांचं घर कोथरूडला, जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर. लग्न केलं नव्हतं. आधी वडिलांचं आजारपण, मग आईचं, दोघांचं यथासांग करून होईपर्यंत बाईंची पन्नाशी आली. घरात दुसरं कुणी नाही. शेजारच्या काकूंचं मांजर तेवढं गॅलरीतून यायचं आणि बाईंच्या दुधावर पोसलं जायचं. "अर्धी वाटी भात करणं हे काँक्रीटपेक्षा अवघड आहे," त्या सांगायच्या. "एकतर करपतो, नाहीतर पुरून उरतो. एका माणसाचा स्वयंपाक कुठल्या भांड्यात नीट होत नाही." हे त्या विनोद म्हणूनच सांगायच्या, मीही हसायचे. हॉस्टेलवर परतताना मला ते वाक्य आठवायचं आणि माझ्या खोलीतला एकच कप दिसायचा.

स्लॅब भरला की दुसऱ्या दिवशी सकाळी साइटवर जाऊन त्यावर अंगठा दाबून बघायची त्यांची पद्धत होती. तसं करायची खरं म्हणजे गरज नसते, तपासायला त्याच मालाचे क्यूब पाडलेले असतात, ते दाबून बघायचं मशीन असतं. तरी त्या जायच्या. रविवार असला तरी जायच्या, किंबहुना रविवारी तर नक्कीच. अंगठा उठला नाही की समाधानाने "झालं" म्हणायच्या आणि मग तिथे वॉचमनशी, पाणी मारणाऱ्या बायकांशी उगाच बोलत बसायच्या. रविवारी संध्याकाळी मला फोन यायचा, "उद्या काय आहे?" उद्या काय आहे ते त्यांना माझ्याआधी माहीत असायचं. मी सगळं वाचून दाखवायचे. त्या ऐकून घ्यायच्या, मधेच मांजराला ओरडायच्या, आणि एकदम म्हणायच्या, "चल ठेव आता, तुला कामं असतील." मला काहीही काम नसायचं. पण फोन समोरच्याने ठेवायच्या आत आपण ठेवायचा, हा त्यांचा शिरस्ता होता. भेटीतही तेच. कुणी उठायच्या बेतात आहे असं दिसलं की त्याच आधी म्हणायच्या, "निघ बाई, ट्रॅफिक लागेल." मला आधी वाटायचं, किती तुटक बाई आहेत. कुणी आपणहून उठून जातंय हे त्यांना बघवत नसे, हे फार उशिरा ध्यानात आलं.

आता त्या स्लॅबबद्दल.

एप्रिल संपत आला होता, ऊन नुसतं भाजत होतं. शनिवारी बाणेरच्या एका साइटवर मोठा स्लॅब होता. त्या सकाळी हिंजवडीच्या चौकात एक कंटेनर आडवा झाला. मी बाईंना सांगितलं, आज गाड्या तासन् तास अडकणार. त्यांनी त्याप्रमाणे डोस वाढवला. गाड्या अडकल्या, पण पोचल्या, माल छान ओतला गेला, संध्याकाळी सगळे खूश होऊन घरी गेले. रविवारी बाई नेहमीप्रमाणे अंगठा दाबायला गेल्या. सगळीकडे ठणठणीत. मधोमध एका खोलीएवढ्या भागात मात्र अंगठा पेरभर आत गेला. तिथला माल श्रीखंडासारखा मऊ होता.

तो भाग कोणाच्या गाडीचा हे स्लॅबवर माल चढवणाऱ्या पंपवाल्याने लगेच सांगितलं. गजाननच्या. गजानन वाशिमकडचा, नवाच लागलेला, बायको आणि दोन मुलींना घेऊन हिंजवडीजवळच्या माण गावात पत्र्याच्या खोलीत राहायचा. नोकरी अजून पक्की नव्हती. सोमवारी सकाळी बाई लॅबमध्ये न जाता थेट यार्डात गेल्या आणि मला म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर." रविवारी गजाननची गाडी उभीच होती. बाई तिच्या मागे गेल्या. ड्रमच्या तोंडाशी चढायला लोखंडी शिडी असते, तिच्या पायरीवरून मुंग्यांची रांग निघून पार केबिनच्या दारापर्यंत गेली होती. बाई वाकून बराच वेळ त्या मुंग्यांकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "गजाननला बोलाव. मोठ्याने नको."

तो आला आणि मुंग्या बघूनच त्याचा चेहरा उतरला.

"किती टाकलीस?" बाईंनी विचारलं.

"अख्खी पिशवी टाकली जी." तो म्हणाला. "गाडी हालेच ना. ऊन एवढं, मले वाटलं आता ड्रममंदीच गोटा होते. नवी नोकरी, ड्रम खराब झाला तं काय सांगू? अन् साखर टाकली अन् थोड्या वेळात रस्ताच मोकळा झाला. माल तं पातळ दिसे, चांगला दिसे. म्हटलं जाऊ दे."

"मी तुला काय सांगितलं होतं?"

"परत आणा म्हणून." तो खाली बघत होता. "परत आणला असता तं मालाचं नुकसान माह्या नावावर लागलं असतं. मी भेलो, बाई."

घडलं ते असं होतं. अडकणार म्हणून बाईंनी आधीच औषध वाढवलं होतं आणि अडकलो म्हणून गजाननने त्यावर साखर ओतली. दोघांनीही काळजीच घेतली होती. एकाच गाडीची दोनदा काळजी घेतली गेली आणि त्या खोलीएवढ्या तुकड्याने घट्ट व्हायचंच नाकारलं.

साइटवरून फोन सुरू झाले होते. बिल्डरचा माणूस तो भाग तोडून टाका म्हणत होता. आमचे साहेब, म्हणजे प्लँट मॅनेजर, लालेलाल होऊन यार्डात आले. गजानन बाजूला उभा होता. मला वाटलं, आता तो बोलणार आणि त्याची नोकरी जाणार. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "त्या गाडीत मी हाताने जास्तीचा डबा ओतला होता. अंदाज चुकला." हाताने औषध ओतायला साहेबांनी सक्त मनाई केली होती, सगळं मशीननेच व्हायला हवं असा त्यांचा दंडक. ते बाईंकडे बघतच राहिले. गजाननने तोंड उघडलं. बाईंनी त्याच्याकडे न बघताच म्हटलं, "गजानन, तू गाडी धुऊन घे. शिडीसुद्धा."

नंतर लॅबमध्ये मी त्यांच्याशी भांडले. माझा आवाज चढला होता. "बाई, तुमची नोकरी जाईल!"

"जाईल बहुतेक."

"मग?"

"मग काय? त्याच्या नोकरीवर चार माणसं जेवतात. माझ्या नोकरीवर एक मांजर, तेही शेजारच्यांचं." थोडं थांबून म्हणाल्या, "आणि साखर त्याला दिली कुणी? मीच ना? भ्यायलेल्या माणसाच्या हातात पिशवी द्यायची आणि वर नियम सांगायचा. नियम शांत माणसासाठी असतात गं. हे आपल्या तिघांत राहील. शपथबिपथ घालत नाही, तू शहाणी आहेस."

स्लॅब मात्र त्यांनी तोडू दिला नाही. त्या साइटवर गेल्या आणि तिथल्या इंजिनिअरला ठामपणे म्हणाल्या, हा माल मेलेला नाही, उशिरा उठणार आहे. खालचे टेकू हलवू नका, वरून वाळू देऊ नका, कुणाला त्यावर चालू देऊ नका, आणि माझ्या शब्दावरही विश्वास ठेवू नका. घट्ट झाल्यावर नमुना कापून काढा, मशीनखाली दाबा, कमी भरला तर तोडा, मी स्वतः घण धरते. इंजिनिअर तरुण होता, समजूतदार होता. त्याने वाट बघायचं कबूल केलं.

मग बाई त्या स्लॅबपाशी जाऊन बसल्या. प्लास्टिकची खुर्ची, डोक्यावर छत्री, शेजारी पाण्याची बाटली. ओली गोणपाटं स्वतः सरळ करायच्या, तासातासाने कडेला अंगठा दाबायच्या. मी जेवणाच्या सुट्टीत कुणाच्या तरी दुचाकीवरून जाऊन यायचे. मला वाटलं होतं, बाई खचलेल्या असतील. तर तिथे पाणी मारणाऱ्या बायका त्यांच्याभोवती जमलेल्या, कुणी ज्वारीची भाकरी पुढे करतेय, कुणी म्हणतेय, "बाई, निजलं का तुमचं लेकरू?" आणि बाई म्हणताहेत, "नाही हो, हट्टी आहे, आईवर गेलंय." त्यांचं तोंड उन्हाने रापलं होतं आणि त्या मजेत होत्या. मला म्हणाल्या, "घरी भिंतींकडे बघण्यापेक्षा हे बरं. इथे निदान जे समोर आहे ते बदलतंय." त्या दिवसांइतकं बोलताना मी त्यांना आधी किंवा नंतर कधी ऐकलं नाही.

एका सकाळी अंगठा उठला नाही. "झालं," बाई म्हणाल्या. खुर्ची घडी करून वॉचमनला परत दिली आणि त्या बायकांचा निरोप घेतला. "आता मला यायला काही कारण नाही," असं त्यांना सांगताना मी ऐकलं.

त्याच आठवड्यात साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि बाईंनी राजीनामा दिला. काढून टाकलं म्हणायचं नाही अशी सोय केली होती. निरोपाचा केक आणला होता, त्याच्यावर क्रीमने नाव चुकीचं लिहिलं होतं. बाईंनी केक कापला, सगळ्यांना दिला, स्वतः खाल्ला नाही. उरलेलं साखरेचं पोतं कँटीनला देऊन टाकलं. जाताना मला म्हणाल्या, "डबा एकटीने खाऊ नकोस. नवा जो कोणी लॅबमध्ये येईल तो असेलच की भुकेला." मग नेहमीसारखं, "मी निघते, ट्रॅफिक लागेल." त्या दिवशी ट्रॅफिकचं कारण पहिल्यांदाच त्यांनी स्वतःसाठी वापरलं आणि मला रडू आवरलं नाही.

कापलेला नमुना उत्तम भरला. उशिरा उठलेलं काँक्रीट बऱ्याचदा अधिक मजबूत निघतं, बाई सांगायच्याच. मी मोठ्या आनंदाने त्यांना फोन केला. त्यांनी ऐकलं, "बरं झालं" म्हणाल्या, आणि फोन ठेवायची घाई केली नाही. हे नवीन होतं. पलीकडून नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. शेवटी मलाच म्हणावं लागलं, "बाई, ठेवू?"

वर्षभरात मी हॉस्टेल सोडून कोथरूडलाच एका मैत्रिणीबरोबर राहायला आले. आता आमच्या प्लँटची छोटी बस मला तिथूनच मिळायची. पहिल्याच सकाळी पाहिलं, बाईंच्या सोसायटीजवळच्या थांब्यावर त्या उभ्या. इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स, हातात डब्याची पिशवी. बस हळू झाली, ड्रायव्हरकाकांनी दार उघडलं. बाईंनी हात हलवून "चला पुढे" अशी खूण केली आणि बस निघाली. मी काकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "रोज असतात. मी रोज दार उघडतो. बरं दिसत नाही ना, न थांबता जाणं."

मी त्या संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. गजाननला मी फोन केला होता. तोवर तो पक्का झाला होता, मोठ्या मुलीला शाळेत घातलं होतं. तो एका शब्दावर तयार झाला होता. "मी सांगतो साहेबाले सगळं. बाईनं माह्यासाठी केलं, मले झोप लागत नाही." हे मी बाईंना सांगितलं. म्हटलं, बाई, तो सांगायला तयार आहे, तुम्ही परत येऊ शकता. नव्या माणसाचा डोस रोज चुकतोय, साहेबांनाही तुमची किंमत कळलीय.

मांजर बाईंच्या पायाशी आलं, त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"मला यायचंय गं," त्या म्हणाल्या. असं सरळ बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "रोज सकाळी उठून तयार होते. डबा भरते. थांब्यापर्यंत जाते आणि परत येऊन तोच डबा खाते. शेजारच्या काकूंना वाटतं, माझी नोकरी चालूच आहे. मला फार यायचंय."

"मग बोलू देत ना त्याला!"

"आणि त्यांनी त्याला काढलं तर? दोन मुली आहेत. नाही. मी नको म्हणाले एवढंच सांग त्याला. बाकीचं सांगू नकोस." त्यांनी डोळे पुसले, उठून गॅसपाशी गेल्या आणि तिकडूनच म्हणाल्या, "भात टाकते. आज दोघींचा आहे, नीट होईल." त्या रात्री मी तिथे जेवले. भात खरंच छान झाला होता.

मी अधूनमधून जात राहिले. रोज जायला हवं होतं असं आता वाटतं, पण माणसाला आपापलं असतं. हिवाळ्यात एके सकाळी त्या थांब्यावर दिसल्या नाहीत. संध्याकाळी गेले तर घराला कुलूप, आणि शेजारच्या काकू मांजर कडेवर घेऊन दारात उभ्या. पहाटे छातीत दुखायला लागलं, हॉस्पिटलात नेईपर्यंत संपलं होतं. काकू मला सारखं सांगत होत्या, "नोकरीवर जायची तयारी करून ठेवली होती हो बिचारीने, साडीसुद्धा काढून ठेवली होती." मी त्यांना काही सांगितलं नाही.

वैकुंठ स्मशानभूमीत आम्ही मोजकेच होतो. गजानन कामाच्या कपड्यांतच आला, अंगावर सिमेंट होतं. कुणाशी न बोलता बाजूला उभा राहिला. दुसऱ्या दिवशी तो साहेबांच्या केबिनमध्ये गेला. मी माझ्या खिडकीतून बघत होते. थोड्याच वेळात तो बाहेर आला आणि माझ्यासमोर उभा राहिला.

"सांगितलं का?"

"सगळं सांगितलं. साखर, मुंग्या, बाई काय बोलल्या ते."

"मग? काढलं?"

त्याने मान हलवली. "साहेब म्हणे, एवढंच ना? तेव्हाच सांगितलं असतं तं एक महिन्याचा पगार कापला असता अन् सोडून दिलं असतं. म्हणे, जा, गाडी भर." तो माझ्याकडे बघत राहिला, जणू मी त्याला समजावून सांगणार होते. "मॅडम, एवढंच होतं?"

मला साहेबांचा राग आला, गजाननचा आला, आणि खोटं कशाला बोलू, बाईंचासुद्धा आला. एकदा तरी विचारून बघायचं होतं त्यांनी. त्यांना सगळ्यांच्या भीतीचा अंदाज यायचा, कुणाच्या दयेचा कधी आला नाही. मी गजाननला बाणेरची पावती दिली आणि तो गाडी भरायला गेला.

त्यानंतरच्या सकाळी मी नेहमीच्या बसने निघाले. बाई गेल्याचं ड्रायव्हरकाकांना मीच सांगितलं होतं. तरी त्या थांब्यापाशी त्यांनी बस हळू केली, थांबवली आणि दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला, तरी त्यांनी दार लगेच लावलं नाही.